बोहल्यावरची चक्कर

माझं लग्न दीड वेळा लागलं. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग खालच्या आवाजात विचारतात, "म्हणजे हो काय?" त्या खालच्या आवाजात बऱ्याच शंका असतात, आणि त्यातली एकही खरी नसते. तेव्हा एकदा बैजवार सांगून टाकलेलं बरं. पण लग्नाच्या आधी मला माझ्या चकरांबद्दल सांगावं लागेल, कारण लग्न मोडायची वेळ आली ती चक्करेपायी आणि वाचलं तेही तिच्याचमुळे.

आमचं गाव डोणगाव. घरी शेती, मळ्यात बारमाही पाण्याची विहीर. मला सातवीनंतर मेहकरला मावशीकडे ठेवलं होतं, हायस्कुलात शिकायला. महाराष्ट्र राज्य होऊन एक-दोन वर्षंच झाली होती आणि मुलींना शिकवायचं वारं नुकतंच आमच्या अंगणापर्यंत आलं होतं. शाळेत सगळं आवडायचं, एक प्रार्थना सोडून. प्रार्थना मैदानात, उन्हात, ताठ उभं राहून. ती संपली की हेडमास्तरांचं चार शब्दांचं भाषण, आणि हेडमास्तरांचे चार शब्द म्हणजे काय ते ज्यांनी ऐकले त्यांनाच ठाऊक.

मी पडायची. आधी कान बंद व्हायचे, कोणी कापूस कोंबल्यासारखे. मग तळहात गार, कपाळाला घाम, एकामागून एक जांभया, आणि डोळ्यांपुढे सगळं पिवळं. त्यानंतरचं काही आठवायचं नाही. डोळे उघडले की वर आभाळ आणि भोवती वेण्यांचं रिंगण. पहिल्या वेळी शाळेच्या शिपायानं पायातला कातड्याचा जोडा काढून माझ्या नाकाला लावला. मिरगीवर, म्हणजे फेफऱ्यावर, आमच्याकडे हाच उपाय, जोडा नाहीतर फोडलेला कांदा. मी शुद्धीवर आले ती जोड्यानं असं त्याला कायम वाटत राहिलं. मला मात्र शुद्ध आधी आली होती आणि वास नंतर आला होता.

बातमी घरी पोचली. आईनं नवस केला. आणि मोठ्या बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावानं, सगळ्यांना ओसरीवर बसवून बजावलं, "पोरीले मिरगी हाये हे या घराबाहेर गेलं नाई पाह्यजे. लोकायले कळलं तं कोण करीन तिले?" मोठ्या बाबांचा शब्द घरात शेवटचा. माझे वडील त्यांच्यापुढे मान वर करून बोलल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. ते वाईट होते असं नाही. जत्रेतून आमच्यासाठी रेवड्या आणताना ते हात आखडता घ्यायचे नाहीत. पण ठरवायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं होतं आणि वडिलांनी ते खुशाल देऊन टाकलं होतं. वडिलांना मळा बरा वाटायचा, माणसं जरा जास्त वाटायची.

आम्हाला शरीरशास्त्र शिकवायला एक बाई होत्या, पुण्याकडच्या. आमची बोली ऐकली की त्यांच्या भुवया वर जायच्या, आणि आम्ही मुद्दाम अजून बोलायचो. माझ्या पडण्याचं त्यांना मोठं कौतुक वाटलं. कौतुकच म्हणते, कारण बाकीच्यांच्या डोळ्यांत कीव असायची. एक दिवस त्यांनी मला वर्गातल्या लांब टेबलावर आडवं निजवलं आणि सगळ्या मुलींकडून माझी नाडी मोजवली. मग उठून उभं राहायला सांगितलं आणि पुन्हा मोजवली. नाडी वाढली होती. "का वाढली?" त्यांनी विचारलं. कुणालाच सांगता येईना. तशी मला म्हणाल्या, "तुझ्या घरी ओलीत कसं करतात ते सांग."

हे मला पाठ होतं. मोटेचे बैल पाणी वर ओढतात, थारोळ्यात ओततात, पाटानं ते वाफ्यांकडे जातं. एक गडी खोऱ्यानं पाटाची दारं उघडतो आणि बुजवतो, त्याला दारं धरणं म्हणतात. उंचावरच्या वाफ्याला पाणी न्यायचं असेल तर खालची दारं बुजवावी लागतात. सगळी दारं एकदम उघडी पडली तर पाणी खाली पसरतं आणि वरचा वाफा कोरडा राहतो.

"अगं, मग तुला सगळंच येतं की!" बाई म्हणाल्या. आणि मग सांगितलं. बैल म्हणजे हृदय. पाट म्हणजे रक्तवाहिन्या. वरचा वाफा म्हणजे डोकं. आपण उभे राहिलो की रक्त आपल्या वजनानं पायांत उतरायला बघतं. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत दाब ओळखणारी जागा असते, ती मेंदूला कळवते की वर पाणी कमी येतंय. मेंदू लगेच दोन कामं करतो. पायांतल्या आणि पोटातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती आवळून घेतो, आणि हृदयाला म्हणतो, चल, जरा पाय उचल. म्हणून उभं राहिलं की नाडी वाढते. हे सगळं आपल्याला न विचारता होतं. तो जो दारं धरणारा गडी आहे, त्याचं नाव स्वायत्त चेतासंस्था. आपण झोपलो तरी तो जागा असतो, आणि त्याच्या कामात आपल्याला ढवळाढवळ करता येत नाही.

त्याच्या हातात दोन चेता असतात हेही त्यांनीच सांगितलं. एक अनुकंपी, ती बैलांना हाकते आणि दारं बुजवते. दुसरी परानुकंपी, ती बैलांचा कासरा ओढून धरते. जेवून निवांत बसलो की दुसरीचं राज्य, वाघ दिसला की पहिलीचं. "आणि तुझ्या बाबतीत काय होतं माहीत आहे? ऊन, उपास, भीती आणि एका जागी ताटकळणं हे सगळं एकत्र आलं की तुझा गडी गडबडतो. आधी बैल पळवतो, पळवतो, आणि मग एकाएकी उलटं करतो. सगळी दारं उघडी टाकतो आणि कासराही ओढतो. वरचा वाफा कोरडा. मग तू पडतेस. पडलीस की डोकं आणि पाय एका पातळीत येतात, पाणी आपोआप पोचतं, आणि तू डोळे उघडतेस. तेव्हा पडणं हा आजार नव्हे गं, तो उपाय आहे."

मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी मावशीकडे पळत गेले आणि तिला म्हटलं, "मले मिरगी नाई, माया गडी गडबडते!" मावशीनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. घरी तर कुणी ऐकूनच घेतलं नाही. जे लपवायचं ठरलं होतं ते लपलेलंच राहिलं. पण मी स्वतः मोकळी झाले. बाईंनी सांगितलेले उपाय करायला लागले. उभं राहिलं की बोटं हलवत राहायची, पोटऱ्या आवळायच्या, उपाशी राहायचं नाही, आणि पिवळं दिसायला लागलं की लाज न धरता तिथंच निजायचं. प्रार्थनेच्या वेळी मी इतकी चुळबूळ करायची की हेडमास्तरांनी मला अवखळ ठरवून टाकलं. ते परवडलं.

मॅट्रिक झाले आणि स्थळं यायला लागली. साखरखेर्ड्याचं एक आलं. मुलगा मॅट्रिक झालेला, नुकताच ग्रामसेवक म्हणून लागलेला, वडील नाहीत, आई आणि थोडी शेती. पाहायच्या कार्यक्रमात मोठ्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. स्वयंपाक येते काय, शिवण येते काय. मग कुणीतरी मुलाला म्हटलं, तुले काही विचारायचं असन तं विचार. त्यानं वर न बघता विचारलं, "तुमाले शाळेत कोणता विषय आवडे?"

"शरीरशास्त्र," मी म्हणाले.

झालं. खोलीत कोणी तरी खाकरलं आणि मुलाचे कान लाल झाले. नुसते लाल नाही, पिकल्या टमाट्यासारखे. मी मान खाली घालायची विसरून ते बघत राहिले. बाईंचं सगळं बोलणं आठवलं. कानाच्या पाळीतल्या रक्तवाहिन्या सैल झाल्या, दारं उघडली, आणि बिचाऱ्याच्या हातात काहीच नाही. ज्याला आपली लाज लपवता येत नाही तो माणूस लबाड नसणार असं मी तिथल्या तिथं ठरवलं. हे शास्त्राला धरून नाही, पण मला तो आवडला होता आणि मला निमित्त हवं होतं. देवाला म्हटलं, हेच जमू दे.

जमलं. मोठ्या बाबांनी होकार दिला, वडिलांनी मान डोलावली, आणि माझ्या चकरांबद्दल अर्थातच कोणी चकार शब्द काढला नाही.

लग्न वैशाखात, आमच्या दारी, दिवस कलतानाच्या मुहूर्तावर. त्या वर्षी गावात लग्नाला लाऊडस्पीकर लावायची नवी हौस आली होती. भोंगा, बॅटरी आणि मायक असं सगळं चिखलीहून भाड्यानं आणलं होतं, आणि घात त्या मायकनं केला. आधी भटजी मंगलाष्टकं म्हणायचे, फार तर एखादी आत्या आपलं एक कडवं म्हणायची, ते पहिल्या ओळीतल्या दहा जणांना ऐकू जायचं आणि संपायचं. आता म्हटलेलं गावच्या वेशीपर्यंत जाणार होतं. मग कोण थांबतो? ज्यांनी जन्मात आरतीला तोंड उघडलं नव्हतं त्यांनी रात्रंदिवस बसून अष्टकं रचली.

तिकडे नवरदेवाचं काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. सकाळपासून उपास. भर दुपारी हळदीच्या अंगावर गरम कापडाचा सूट, कारण फोटोत तो शोभतो. त्यावर शेला, डोक्याला बाशिंग, हातात लिंबू खोचलेली कट्यार. मारुतीच्या देवळातून मांडवापर्यंत मिरवणूक, आणि वाजंत्री दर दहा पावलांवर थांबून नाचणाऱ्यांची हौस भागवत होते. मांडवात आला तेव्हा तो सगळा आतून भिजलेला होता. उपास मलाही होता, पण मला शहाणपण शिकवलेलं होतं. मी मावशीकडून गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी आधीच मिळवलं होतं. देव एवढ्याशा गुळावर रागवत नाही, निदान माझ्यावर तरी रागवला नाही.

अंतरपाट धरला. ज्यांनी कधी बोहल्यावर उभं राहून पाहिलं आहे त्यांना माहीत आहे की अंतरपाटातून काही दिसत नाही. दिसतात ते फक्त खालून पाय. मला दोन हळदीचे पाय दिसत होते. आधी मी ते प्रेमानं पाहिले, खोटं कशाला बोलू. मग शिकवलेल्या डोळ्यांनी पाहिले. पाय एकमेकांना चिकटलेले, गुडघे मागे ताणलेले असावेत असे ताठ, आणि बोटं अजिबात हलत नव्हती. त्यांच्यापुढे पाटावर घामाचे थेंब पडत होते. मी माझी बोटं जोरात हलवून दाखवत होते, खुणेनं समजेल म्हणून. पण नवरीचे पाय असे टकामका बघायचे नसतात असं कोणी त्याला सांगितलेलं असणार.

भटजींचं झालं. माझ्या मामीचं झालं, ती पूर्वजांपासून सुरू होऊन माझ्या आजोळच्या म्हशीपर्यंत आली. नवरदेवाच्या मेव्हण्यानं तीन कडवी म्हटली. गावच्या मास्तरांनी संस्कृतात काहीतरी म्हटलं, ते कोणालाच न कळल्यामुळे सगळ्यांना फार आवडलं. आणि मग खिशातून लांबलचक कागद काढत मोठे बाबा मायकपाशी गेले.

त्यांच्या अष्टकात सगळं घराणं होतं, विहीर होती, विहिरीला पाणी कसं लागलं ते होतं. दुसऱ्या कडव्याला मला अंतरपाटापलीकडून एक जांभई ऐकू आली. मी ओळखली. ती झोपेची जांभई नव्हती. "यायले खाली बसवा," मी मामाला म्हटलं, पण मामा माझ्या मागं उभा राहून मोठ्या बाबांच्या विहिरीत रमला होता. तिसऱ्या कडव्याला ते दोन पाय एकदम टाचांवर आले, मग चवड्यांवर, आणि अंतरपाटासकट नवरदेव माझ्या अंगावर कोसळला.

पुढे जे घडलं ते फक्त आमच्याकडेच घडू शकतं. मांडवात मागं बसलेल्यांना नवरदेव दिसत नव्हता, त्यांना दिसला तो अंतरपाट. आणि अंतरपाट खाली गेला म्हणजे लग्न लागलं. शेकडो हातांनी पिवळ्या ज्वारीच्या अक्षता उधळल्या. मांडवाबाहेर बसलेल्या वाजंत्र्यांनी अक्षता उडालेल्या पाहिल्या आणि ढोल, ताशा, सनई एकदम सुरू केली. बायका ताटं मांडायला पळाल्या. मोठे बाबा कागदात डोकं घालून गातच होते.

नवरदेव माझ्या पायांशी आडवा होता आणि मला वाटलं, चला, आडवा तर आहे, आता येईल शुद्धीवर. पण त्याच्या मामानं आरोळी ठोकली, "अबे, उभा करा त्याले! हळदीच्या पोराले भुईवर निजवू नये!" हे मलाही समजत होतं. हळद लागलेला, सजवलेला माणूस जमिनीवर निजलेला दिसला की लोकांना दुसरंच काही आठवतं. चौघांनी काखेत हात घालून त्याला उभं केलं. जरा कुठे रंग येत होता तो पुन्हा उतरला. मान छातीवर पडली आणि हाताला दोन-तीन झटके बसले.

ते झटके मोठ्या बाबांनी पाहिले. एव्हाना त्यांचं गाणं थांबलं होतं, आणि ते अर्धवट थांबल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "मिरगी!" ते ओरडले, मायक अजून चालूच होता, त्यामुळे गावच्या वेशीपर्यंत ओरडले. "मिरगीवाला पोट्टा आपल्या गळ्यात बांधून राह्यले! जोडा आणा, जोडा!"

जोडे आले. कांदाही आला, शिवाय तो फोडायला दगड आला. वाजंत्री गप्प झाले. मोठे बाबा माझ्या वडिलांकडे वळले. "लग्न लागलं नाई अजून. माया अष्टक अर्धं राह्यलं, सावधान म्हनलं नाई, हार घातले नाई. तू बाप हायेस. मोड म्हन, आत्ताच मोडते."

माझे वडील नेहमीसारखे खाली बघत उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्याच छातीत बैल उधळले. मला एवढंच कळत होतं की ते आता नेहमीसारखी मान डोलावतील आणि हा लाल कानांचा माणूस माझ्या आयुष्यातून जाईल. त्याचा दोष काय, तर आमच्या घरच्यांनी गायला वेळ लावला.

"त्यायले खाली निजवा!" मी ओरडले. नवरीनं बोहल्यावर ओरडायचं नसतं. माझा आवाज मायकनं उचलला आणि सगळ्यांच्या डोक्यावरून गेला. "उभं करून राह्यले म्हून झटके येऊन राह्यले! निजवा, अन् पाय वर करा!"

त्या चौघांनी दचकून त्याला खरोखरच खाली ठेवला. मी कट्यार बाजूला सारली, बाशिंग सोडलं, कोटाची बटणं उघडली. पण पाय वर करायचे म्हणजे कोणी? नवरदेवाचे पाय हातात घ्यायला कोणी पुढे येईना. मी वाकले, तोच माझे वडील पुढे आले, भुईवर बसले आणि त्यांनी ते दोन्ही पाय उचलून स्वतःच्या खांद्याशी धरले. "जावयाचे पाय धुवायचेच होते," ते हळूच म्हणाले, "थे आधी धरतो."

मी नवरदेवाचं मनगट धरलं. नाडी सापडायलाच वेळ लागला. बारीक होती, आणि इतकी सावकाश की दोन ठोक्यांमध्ये मला बाईंचा चेहरा आठवायला सवड मिळाली. कासरा ओढलेला होता. मग हळूहळू ती भरत आली, बोटाला नीट लागायला लागली. ओठांवर रंग आला. त्यानं डोळे उघडले, आधी मांडवाच्या छताकडे पाहिलं, मग स्वतःच्या वर गेलेल्या पायांकडे, मग ते धरून बसलेल्या सासऱ्याकडे. "अष्टक झालं काय?" त्यानं विचारलं.

"पाहा," मी मोठ्या बाबांना म्हटलं. "मिरगीवाल्याले उठल्याबरोबर एवढं सुचत नाई. यायची जीभ चावली नाई, तोंडाले फेस नाई, नाडी बसली होती थे आता उठली. ही मिरगी नोय, चक्कर हाये. उनानं, उपासानं अन् ताटकळून आली."

"तुले काय समजते त्यातलं?" मोठे बाबा म्हणाले.

आता सांगायची वेळ आली होती. सांगितलं तर साखरखेर्ड्याचे लोक उठून जातील, न सांगितलं तर माझे. मी एकदा त्या लाल नसलेल्या, पांढऱ्याफटक कानांकडे पाहिलं आणि बोलले, "मले समजते, काऊन की मलेबी येते. शाळेत कितीदा पडली मी अशीच. ही मिरगी असन तं मलेबी मिरगी हाये, अन् मंग तुमी माया लग्न कोठंच करू नका."

माझा शेवटचा शब्दही भोंग्यानं वेशीपर्यंत पोचवला. आईनं पदर तोंडाला लावला. नवरदेवाचा मामा म्हणाला, "म्हंजे पोरगीबी तशीच? अन् हे आमाले आता सांगून राह्यले?" मोठे बाबा लालभडक झाले.

बायकांच्या गर्दीतून वाट काढत नवरदेवाची आई आली. तिनं मुलाच्या कपाळावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून, सगळं गाव ऐकत असताना, अगदी घरातल्यासारखं विचारलं, "तुले चक्कर येते तवा तुले धरते कोण व माय?"

"कोणी नाई धरत," मी म्हणाले. "मी आपली कळलं की निजून घेते. पडाच्या आधीच."

नवरदेवाची आई खुदकन हसली. "मंग यालेबी शिकव तेवढं. कोणी धरून धरून किती दिवस धरन? अन् तुया मोठ्या बाबाचा कागद पाह्यला होता मी. मलेबी खाली बसावं वाटे." पहिल्यांदा बायका हसल्या, मग पुरुष. मोठ्या बाबांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली आणि पुन्हा घातली.

पण माझ्या घरचा निर्णय अजून झाला नव्हता. मोठे बाबा सहजासहजी मागे हटणाऱ्यांतले नव्हते. ते वडिलांना म्हणाले, "त्यायचं त्यायनं ठरवलं. आपलं काय? अजून काईच झालं नाई. तू बोल."

माझं बोट अजून त्या नाडीवरच होतं. नवरदेवानं त्या आडव्या अवस्थेतच मान वळवून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं, आणि माझ्या बोटाखाली नाडी एकदम उधळली. इतका वेळ संथ चालणारी ती अशी पळायला लागली की मला मोजता येईना. पाठोपाठ कान लाल झाले. हे उन्हाचं नव्हतं, उपासाचं नव्हतं, उभं राहण्याचंही नव्हतं. पुढं मी स्वतः शाळेत मुलींना हा धडा शिकवला, अनुकंपी म्हणजे काय, परानुकंपी म्हणजे काय, फळ्यावर आकृत्या काढून. पण मला स्वतःला तो जसा त्या घटकेला कळला तसा पुस्तकातून कधी कळला नव्हता. मला रडायला येत होतं आणि मी हसत होते.

भटजींना मुहूर्ताची काळजी. ते पुढे येऊन माझ्याकडे बघत म्हणाले, "बाळ, हात सोड आता. पाणिग्रहणाचा विधी अजून बाकी आहे. आधी हार, मग..."

मी हात सोडला नाही. सगळे वडिलांकडे बघत होते. ते मघापासून जावयाचे पाय खांद्याशी धरून तसेच बसले होते, खाली ठेवा असं कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी मोठ्या भावाकडे पाहिलं, नेहमीसारखं खाली नाही, नीट तोंडाकडे, आणि मग भटजींना म्हणाले, "महाराज, हात धरनं झालं समजा. पाय मी धरलेच हायेत. बाकीचं तेवढं लवकर उरका, माये हात भरून आले."